अल्पशा आजाराने

ताईबाई अक्काचं नाव निघालं की आमच्या गावात माणसं आजही आवाज थोडा खाली आणतात. गाव चोपड्यापासून अकरा किलोमीटरवर, केळी आणि कापसाचं. मी चुडामण, इथल्या ग्रामपंचायतीत लिपिक आहे. सत्तावीस वर्षं झाली. अक्काच्या आयुष्यातलं बरंच काही माझ्या टेबलाच्या आसपास घडलं, म्हणून सांगू शकतो.

तिचा नवरा रुपचंद नाना दारूनं गेला. त्याआधी तेरा वर्षं त्यानं तिला धड जगू दिलं नव्हतं. एकदा मुसळानं तिचा उजवा हात मोडला. हात नीट बसला नाही, कोपरापासून बाहेर वळलेलाच राहिला. त्यानंतर ती भाकरी डाव्या हातानं थापायची. नानाला रक्ताच्या उलट्या व्हायला लागल्या तेव्हा शेजारच्या बायका म्हणाल्या, धुळ्याला ने, तिथं मोठा दवाखाना आहे. अक्का म्हणाली, ज्यानं प्यायली त्यानं निस्तरावं. तिनं त्याला नेलं नाही. चौथ्या दिवशी नाना गेला. अक्का रडली नाही. तिला कुणी दोष दिला नाही. मीही दिला नाही.

नंतर दोन वर्षांनी तिनं गावातलं देशी दारूचं दुकान बंद पाडलं. त्यासाठी गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी बंदीच्या बाजूनं मतदान करावं लागतं. अक्का दोन महिने उन्हातान्हात दारोदार फिरली. ज्या बाईला नवरा घराबाहेर पडू देत नव्हता, तिच्या दारात ती जाऊन बसायची आणि उठायचीच नाही. दुकान बंद झालं त्या दिवशी बायकांनी तिला गुलाल लावला. तोपर्यंत सगळं चांगलंच झालं होतं.

पण दुकान गेलं तरी दारू गेली नाही. नाल्यापलीकडे हातभट्ट्या लागल्या. भट्टीवाले हाती लागत नव्हते, त्यांचे धागे वरपर्यंत होते. पिणारे मात्र हाती लागत होते. मग अक्काचं महिला मंडळ पिणाऱ्यांच्या मागे लागलं. आधी चपलांची माळ घालून गावातून फिरवायचं. तेवढ्यानं भागेना, तेव्हा अक्कानं सोसायटीचं जुनं खताचं गोदाम मागून घेतलं. ते आमच्या ऑफिसला लागूनच आहे, मधे एकच भिंत. दारुड्याला तिथं तीन दिवस कोंडायचं. भाकरी मिळेल, पाणी मिळेल, दारू मिळणार नाही. किल्ली अक्काच्या कमरेला.

दहाबारा माणसं त्या गोदामातून बाहेर आली. त्यांतल्या दोघांनी खरंच सोडली. बाकीचे चोपड्याला जाऊन प्यायला लागले. पण गावात दिसायचे बंद झाले, आणि गावाला तेवढंच हवं होतं. पेपरात फोटो आला. जळगावच्या एका संस्थेनं अक्काचा सत्कार केला. मी तिच्याबरोबर गेलो होतो. तिथं एक प्राध्यापक बोलले की व्यसनाकडे आजार म्हणून पाहिलं पाहिजे. अक्काची पाळी आली तेव्हा तिनं वळलेला हात वर करून दाखवला. म्हणाली, "हा हात मोडला, तो मी मागितला नव्हता. आजार कुणी बाटलीत भरून विकत आणत नाही. हा आजार नाही, माज आहे. माज उतरवायला डॉक्टर लागत नाही." सभागृह किती वेळ टाळ्या वाजवत होतं. प्राध्यापकही वाजवत होते.

निंबा केळीच्या कापणीवर घड वाहायचा. अंगानं काटक, पण दोन्ही खांद्यांवर घड घेऊन बांधावरून चालत यायचा आणि एकाही केळ्याला डाग लागू द्यायचा नाही. व्यापारी त्याला नावानं बोलवायचे. तो सकाळपासून प्यायचा. मजा म्हणून नाही. सकाळी पोटात काही गेलं नाही तर त्याला चहाचा कप धरता येत नसे, बशीवर कप वाजायचा. घेतली की हात थांबायचे आणि तो कामाला जायचा. कुणाला शिवी नाही, बायकोवर हात नाही. फक्त कधी कधी पडायचा.

एकदा लहान मुलीला सायकलवर पुढं बसवून येताना तो पाण्याच्या पाटचारीत पडला. मुलीच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. त्याची बायको दिपमाला दुसऱ्या दिवशी अक्काकडे गेली आणि म्हणाली, अक्का, त्याला कोंडा. ती स्वतःच्या पायांनी गेली होती. पुढं तिनं तोंड उघडलं नाही त्याचं कारण हेच.

डिसेंबर होता, २०१७ सालचा. निंबा गोदामात हसत हसत गेला. तीन काय, चार दिवस ठेवा, म्हणाला. संध्याकाळपर्यंत त्याला घाम सुटला होता, थंडीच्या दिवसांत. खिडकीच्या गजांशी येऊन तो ज्याला त्याला एक घोट मागू लागला. दुसऱ्या दिवशी दिपमालानं वरण-भाकरी नेली तर त्याच्या हातात ताट राहीना. खतांच्या रिकाम्या पोत्यांमधून मुंग्या येतात असं तो म्हणत होता. अंगावरच्या मुंग्या झटकत होता, भिंतीवर मारत होता. मधेच मेलेल्या बापाशी बैलांबद्दल बोलत होता. मुंग्या नव्हत्या. खिडकीसमोर तीसचाळीस माणसं जमली. पोरं मोबाईलवर व्हिडिओ काढत होती. निंबानं स्वतःच्या गालावर चापट मारली तेव्हा सगळे हसले. मी ऑफिसच्या दारात उभा होतो. मीही हसलो.

दिपमाला अक्काच्या घरी गेली. म्हणाली, "अक्का, त्याले दवाखान्यात नेऊ. तो माले वळखत नही."

अक्का तूर पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही. "नाटक करस तो. मना घरमा तेरा वर्ष पाह्यं मी हे नाटक. उद्या बठ्ठं उतरी जाई."

तिसऱ्या दिवशी दुपारी भिंतीपलीकडून आवाज यायला लागला. टाच फरशीवर आपटल्यासारखा, भराभर, एकसारखा. मी कुणाचा तरी रहिवासी दाखला लिहीत होतो. थोड्या वेळानं आवाज थांबला. मला वाटलं, चला, झोपला. मी दाखला पुरा केला, शिक्का मारला.

चार वाजता अक्कानं कुलूप उघडलं. निंबा भिंतीकडे तोंड करून पडला होता. जीभ दातांत सापडून फाटली होती, तोंडाचा फेस वाळला होता आणि अंग गार. अक्का दारात उभी राहिली. आत गेली नाही. म्हणाली, उचला.

सूर्य मावळायच्या आत त्याला जाळला. पोलिसांना कुणी कळवलं नाही. सरपंच कुंदन माझ्या टेबलाशी येऊन बसला आणि म्हणाला, नोंद करून घे. मृत्यूच्या रजिस्टरात कारणाचा रकाना असतो. मी पेन धरून थांबलो. कुंदन म्हणाला, "अल्पशा आजाराने लिही. सगळे तेच लिहितात." मी लिहिलं. तोपर्यंत गावात निंबाला कुणी आजारी म्हटलं नव्हतं. दिपमालाचा अंगठा घेताना मी ते वाचून दाखवलं. ती ऐकत होती की नाही, कळलं नाही.

त्यानंतर गोदाम वापरलं गेलं नाही. वापरायचं नाही असा ठरावही झाला नाही. अक्काच्या कमरेची किल्ली गेली. मंडळाच्या बैठकीत ती येऊन बसायची, बोलायची कमी. विचारलं तर म्हणायची, गुडघे दुखतात, झोप लागत नाही. चोपड्याच्या डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली, अर्धी घ्या म्हणून.

मी कामानिमित्त आठवड्यातून दोनदा चोपड्याला जातो. अक्का मला त्या गोळ्यांची पट्टी आणायला सांगायची. दुकानदार ओळखीचा, चिठ्ठी विचारायचा नाही. आधी महिन्याला एक, मग दोन, मग आठवड्याला एक. म्हातारीला झोप लागत नाही, म्हणून मी आणून देत होतो. ती एस.टी.च्या कंडक्टरकडून आणि दूधवाल्याकडूनही मागवते, हे मला नंतर कळलं. तसा अंदाज मला होता. गोळी उशिरा मिळाली की तिचे हात थरथरायचे, सुनेवर ओरडायची, डोळ्यांना उजेड सोसायचा नाही. मी पट्टी हातात दिली की माझ्यासमोरच पाण्याशिवाय एक तोंडात टाकायची. तेव्हा ती माझ्याकडे बघायची नाही.

२०२१ च्या हिवाळ्यात एस.टी.चा संप झाला. मी तापानं आठ दिवस घरीच होतो, आणि एकट्या दूधवाल्याच्या पट्ट्या पुरेनात. अक्काच्या गोळ्या संपल्या. ती कुणाला न सांगता चोपड्याच्या रस्त्याला लागली, पायी, अनवाणी, वय अडुसष्ट. केळीचा ट्रॅक्टर घेऊन येणाऱ्यानं तिला सहा किलोमीटरवर रस्त्याच्या कडेला बसलेलं पाहिलं. तिला स्वतःच्या मुलाचं नाव सांगता येत नव्हतं. घरी आणल्यावर सुनेनं, कामिनीनं, घर धुंडाळलं. तुरीच्या डाळीच्या डब्यात, डाळीखाली, रिकाम्या पट्ट्या सापडल्या. बोटाएवढ्या घड्या करून ठेवलेल्या. दिवसाला नऊ-दहा गोळ्या जात होत्या.

मुलगा हितेंद्र तिला जळगावला घेऊन गेला. गाडी माझ्या भावाची, म्हणून मीही गेलो. डॉक्टर बाई तरुण होत्या, ऋतिका नावाच्या. त्यांनी अक्काचा हात हातात घेतला, तोच वळलेला, आणि फार मायेनं बोलल्या. आजी, यात तुमचा काही दोष नाही. हा आजार आहे, रक्तदाबासारखा, साखरेसारखा. आपण हळूहळू कमी करू. पण एकदम बंद करायच्या नाहीत, झटके येतात.

अक्कानं विचारलं, "दारू पिणाऱ्याला काय असतं?"

"तोच आजार, आजी. गोळीऐवजी बाटली."

"आणि त्याची एकदम तोडली तर?"

"तर जास्तच वाईट. हात थरथरतात, नाही ते दिसायला लागतं, झटके येतात. माणूस दगावतोही. म्हणून तर दवाखान्यात ठेवून सोडवतात." डॉक्टर कागदावर लिहीत होत्या. "का, घरात कुणाला आहे का?"

हितेंद्र खाली बघत होता. मी भिंतीवरचा तक्ता वाचत होतो. अक्का म्हणाली, नाही. घरात कुणाला नाही.

परतताना ती मागच्या सीटवर खिडकीला टेकून बसली होती. गावाच्या फाट्यावर म्हणाली, "माले काही आजार नही. माज शे हा. मी उतारसू." हितेंद्रनं तिच्याशी वाद घातला नाही. त्याला वाटलं, म्हातारी थकलीय.

घरी येऊन तिनं कामिनीला सांगितलं, मला चाऱ्याच्या खोलीत तीन दिवस कोंड, बाहेरून कडी लाव. कामिनी रडायला लागली, नाही म्हणाली. मग अक्का शहाण्यासारखी वागली. सुनेच्या हातून गोळी घ्यायची, पाणी प्यायची, आणि ती गेली की गोळी तोंडातून काढून चुलीत टाकायची. पहिले दोन दिवस तिनं दात आवळून काढले. तिसऱ्या दिवशी कामिनीला विचारलं, भिंतीवर ही कोण माणसं बसली आहेत. कामिनीनं हितेंद्रला हाक मारली. तो येईपर्यंत अक्का ओट्याच्या कडेवर तोंडावर पडली होती. पुढचे दोन दात गेले. जीभ अर्धी तुटली. टाचा फरशीवर आपटत होत्या. कामिनी हे सांगत होती तेव्हा मी उठून बाहेर गेलो.

तिला लगेच गाडीत घातलं, जळगावला नेलं, आणि ती वाचली. ही गोष्ट सांगायलाच हवी. झटका तोच, पण तिला गाडी मिळाली.

पंधरा दिवसांनी घरी आली तेव्हा अख्खं गाव भेटायला गेलं. सफरचंदं, नारळ, पार्लेची पुडकी. बायका पाय चेपत होत्या. सगळे एकच म्हणत होते, अक्का, आजार आहे, मनाला लावून घेऊ नका. खिडकीसमोर उभं राहून जे हसले होते ते सगळे आले होते. मीही मोसंबी घेऊन गेलो होतो. अक्का कुणाशी बोलली नाही. टाके घातलेल्या जिभेमुळे बोलता येत नाही, असं आम्ही धरून चाललो.

दिपमाला सगळ्यात शेवटी आली, कापूस वेचून परतताना. काही आणलं नव्हतं. ओसरीच्या खाली, पायरीवर बसली. कामिनी तिथंच भाजी निवडत होती, तिनं मला सांगितलं ते असं.

दिपमाला म्हणाली, "अक्का, डॉक्टरनी तुमले काय सांगं?"

अक्का म्हणाली, "आजार."

"मंग त्याले काय व्हतं?"

अक्का गुडघ्यावरचं पांघरूण सारखं करत राहिली.

"गावमा म्हनतंस, दिपमालाना नवरा माजमा मरी गया. मनी पोर शाळामा ऐकस. मीच तुमले सांगं व्हतं कोंडा म्हनून, ते मी कोनले सांगू. तुमी एकदाव बठ्ठासना समोर सांगा, त्याले आजार व्हता."

अक्कानं मान हलवली नाही, हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. दिपमाला उठली आणि गेली. कामिनी म्हणते, त्यानंतर सासू गोळ्या बिनबोभाट घ्यायला लागली. डॉक्टरांनी सांगितल्या तशा, मोजून, सुनेसमोर तोंड उघडून दाखवून. जीभ जरा सुटावी म्हणून आरशासमोर बसून शब्द म्हणायची. आठ महिने असे गेले.

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत व्यसनमुक्तीची शपथ असते. ती दर वर्षी अक्का द्यायची. कुंदन स्वतः तिला गाडीवर घेऊन आला. शाळेच्या पटांगणात शे-दीडशे माणसं होती. हार घातला, माईक हातात दिला. शपथेचा कागद तिनं घडी करून खाली ठेवला.

तिची वाणी आता फाटकी आहे, पण शब्द कळत होते. म्हणाली, "मी आजारी शे. डॉक्टरनी लिखी दिधं शे. मी आजारी शे, तर निंबा बी आजारीच व्हता. आजारी मानूसले मी कोंडं. त्याले माज नव्हता. दिपमालानी सांगं व्हतं दवाखान्यात नेऊ, मी ऐकं नही. मी मारं त्याले." मग तिनं समोर बसलेल्यांकडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं. "आनि तुमी बठ्ठा तठे व्हतात."

आम्ही सगळे तिथं होतोच. मागं बायकांच्या रांगेत दिपमाला मुलीला घेऊन उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि लगेच वहीत पाहिलं.

कुंदननं माईक काढून घेतला. ओढला नाही, अलगद घेतला. म्हणाला, "अक्कांची तब्येत बरी नाही, आपल्याला माहीत आहे. मोठा आजार आहे, गोळ्या चालू आहेत. माणूस काहीबाही बोलतो, त्यात त्यांचा दोष नाही. त्यांच्या आरोग्यासाठी एकदा जोरदार टाळ्या होऊ द्या." टाळ्या झाल्या. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं, इतक्या जोरात वाजवल्या. मंडळाच्या दोन बायकांनी अक्काला दोन्हीकडून धरलं आणि गाडीत बसवलं. ती म्हणत होती, मला कळतंय मी काय बोलते. त्या म्हणत होत्या, हो अक्का, हो.

सभेचं इतिवृत्त लिहायचं काम माझं. मी लिहिलं, "ताईबाई यांच्या प्रकृतीस आराम पडो अशी सदिच्छा व्यक्त करण्यात आली." पुढं पाणीपुरवठ्याचा विषय घेतला.

दुसऱ्या दिवशी दिपमाला ऑफिसात आली. सोबत मुलगी होती, नववीतली. अक्का बोलली ते लिहिलंय का, विचारलं. मी म्हणालो, तो सभेपुढचा विषय नव्हता. मुलीनं वही मागितली, वाचली आणि आईला वाचून दाखवली. दिपमाला म्हणाली, "रजिस्टरमा मना नवरा आजारी शे. सभामा नही." मी वही परत घेतली. शिपायानं चहा आणला होता, तो तिनं घेतला नाही. दिवाळीनंतर ती मुलीला घेऊन पिंपळनेरला भावाकडे गेली. रहिवासी दाखला मीच दिला.

अक्का आता पाव गोळीवर आली आहे. जळगावच्या डॉक्टर बाई खूश आहेत, असं हितेंद्र सांगतो. घरात तिला कुणी उलटून बोलत नाही, गावात कुणी नाव ठेवत नाही, आणि तिचं कुणी काही ऐकत नाही. मागच्या पोळ्याच्या सुमाराला ती म्हणाली, म्हशीला ताप आहे, रवंथ करत नाही. हितेंद्र कामिनीकडे बघून हसला, म्हणाला, हो आई, बघतो. चौथ्या दिवशी म्हैस मेली. तेव्हाही कुणी म्हटलं नाही की अक्का सांगत होती.

दिपमालाला निरोप पाठव, एकदा येऊन जा म्हणावं, असं ती कामिनीला सांगते. कामिनीला पिंपळनेरचा पत्ताही माहीत नाही, आणि तिनं कुणाला विचारलेला नाही. अक्का सकाळी गोळी घेताना विचारते, निरोप पोचला का. कामिनी पाण्याचा पेला पुढं करते आणि हो म्हणते.